चेहरा गावाचा, मालकी कंपनीची

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत एक चमत्कारिक प्रकार घडला. सिएटल, सॅन अँटोनियो, बाल्टिमोर अशा एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरांतील स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचे वृत्तनिवेदक कॅमेऱ्यासमोर बसले आणि गंभीर मुद्रेने त्यांनी एकच मजकूर वाचून दाखविला. काही प्रसारमाध्यमे खोट्या बातम्या पसरवीत आहेत, त्यामुळे लोकशाही धोक्यात आली आहे, आम्ही मात्र सत्याशी बांधील आहोत, असा त्याचा आशय होता. प्रत्येकाने त्यात आपले आणि आपल्या केंद्राचे नाव घातले होते. बाकी सारे शब्द मुख्यालयातून आलेले. ही सर्व केंद्रे सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुप या एकाच कंपनीच्या मालकीची. ३१ मार्चला या निवेदनांचे तुकडे जोडून तयार केलेली एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. पडद्यावर लहान लहान चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चेहरा, आणि साऱ्या तोंडांतून एकाच वेळी तेच वाक्य. लाखो लोकांनी ती पाहिली.

पाहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हसले, पुष्कळ संतापले, आणि बहुतेकांचा राग त्या चेहऱ्यांवर निघाला. पढविलेले पोपट, मालकाचे भाट, विकले गेलेले लोक! ही भाषा आपल्याला परकी नाही. आपले कार्यकर्ते सायंकाळी कार्यालयात जमतात आणि वृत्तवाहिन्यांवरील निवेदकांचा विषय निघतो तेव्हा याहून सौम्य शब्द क्वचितच कानी पडतो. वाचलेला मजकूर निंद्य असेल तर त्याची निंदा झालीच पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु गिरणीतून निकृष्ट कापड निघाले म्हणून साचेवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अविचार कामगार चळवळीने कधी केला नाही. ती मालकाच्या हिशेबाच्या वह्यांकडे बोट दाखवीत आली. मग निवेदकाच्या बाबतीत आपली विचारपद्धती एकाएकी का बदलावी?

यावर एक रास्त आक्षेप येईल. साचेवाल्याचे नाव कापडावर छापलेले नसते. निवेदकाचे नाव आणि तोंड मात्र बातमीवर छापलेले असते. तो केवळ श्रम विकत नाही, आपला शब्दही विकतो. हे खरे आहे, आणि प्रश्नाचा गाभा नेमका इथेच आहे. हा शब्द, ही पत, ती येते कुठून, आणि करारावर सही झाल्यानंतर ती कोणाची होते? अमेरिकेतील स्थानिक केंद्रांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर जितक्या स्वच्छपणे देतो तितके दुसरे कोणतेही उदाहरण देत नाही. म्हणून त्याकडे जरा बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील वाहिन्याही त्याच वाटेवर किती पुढे गेल्या आहेत, हेही त्यावरून उमगेल.

आपल्याकडे दूरचित्रवाणी दिल्लीहून आली. अमेरिकेत ती गावोगावी उगवली. १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेला संघराज्य दळणवळण आयोग प्रत्येक शहरातील केंद्राला स्वतंत्र परवाना देतो. लहरी जनतेच्या, परवानाधारक त्यांचा केवळ विश्वस्त, आणि परवाना लोकहितासाठी, हे त्या कायद्याचे तत्त्व. रात्रीच्या करमणुकीचे कार्यक्रम आणि देशाच्या बातम्या एनबीसी, सीबीएस, एबीसी अशा राष्ट्रीय जाळ्यांकडून येतात. शहराच्या बातम्या, हवामान, खेळ हे केंद्राचे स्वतःचे काम. सकाळी, सायंकाळी सहाला आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याच दोन-चार व्यक्ती पडद्यावर दिसतात. वादळाची सूचना तेच देतात, कारखाना बंद पडल्याचे तेच सांगतात. रविवारी ते बाजारात भाजी घेताना भेटतात, शाळेच्या समारंभाला पाहुणे म्हणून येतात. वीस-वीस वर्षे एकाच शहरात बातम्या देणारे निवेदक तिथे आहेत, आणि ते निवृत्त होतात तेव्हा गाव हळहळते. दूरच्या राष्ट्रीय वाहिन्यांपेक्षा आपल्या शहरातील बातम्यांवर अमेरिकन माणसाचा अधिक विश्वास असतो, हे तेथील पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. हा विश्वास कोणा संचालक मंडळाने निर्माण केलेला नाही. तो निवेदकाच्या वर्षानुवर्षांच्या हजेरीतून आणि गावाच्या आपुलकीतून साठत जातो. साऱ्या धंद्याची खरी पुंजी तीच आहे.

आता करारनाम्याकडे वळू. देशाची विभागणी २१० बाजारपेठांत केलेली आहे. न्यूयॉर्क पहिली, मोंटाना राज्यातील ग्लेंडाइव्ह हे छोटे गाव अगदी शेवटची. होतकरू मुलगा किंवा मुलगी तळाच्या बाजारपेठेत तुटपुंज्या पगारावर लागते. स्वतःच कॅमेरा उचलते, स्वतःच बातमी लिहिते, स्वतःच वाचते. दोन-तीन वर्षांनी वरच्या पायरीवरील शहरात जायचे, पुन्हा नवा करार. वर पोहोचणाऱ्या मूठभरांचे लाखो डॉलरचे पगार वर्तमानपत्रांत झळकतात. पायऱ्यांवर थकून धंदा सोडणाऱ्यांविषयी कोणी लिहीत नाही. या करारांतील एक जुने कलम स्पर्धाबंदीचे. नोकरी सुटल्यावर ठराविक काळ, बहुधा सहा महिने ते वर्षभर, त्याच शहरातील दुसऱ्या केंद्रावर दिसायचे नाही. मालकाने काढले तरी हेच! म्हणजे ज्या गावात मुले शाळेत जातात, जिथे घराचे हप्ते चालू आहेत, ते गाव सोडा, नाही तर धंदा सोडा. ध्वनिचित्रवाणी कलावंतांच्या ‘आफ्ट्रा’ या कामगार संघटनेने या कलमाविरुद्ध एकेका राज्यात लढा दिला. १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कने प्रसारण क्षेत्रापुरती तरी त्यावर बंदी घातली. साऱ्याच धंद्यांतील स्पर्धाबंदी रद्द करणारा नियम केंद्रीय व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये केला. टेक्सासमधील एका न्यायालयाने ऑगस्टमध्येच तो उडविला, आणि पुढल्या वर्षी आयोगानेही त्याचा नाद सोडला.

सिंक्लेअरच्या करारांत याहून जालीम तरतूद होती. २०१८ च्या त्या प्रकरणानंतर वृत्तपत्रांनी ती उजेडात आणली. मुदतीपूर्वी नोकरी सोडणाऱ्याने कंपनीला नुकसानभरपाई द्यायची, आणि तिची आकारणी वार्षिक मिळकतीच्या चाळीस टक्के या दराने, उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात करायची. मध्यम शहरातील निवेदकाला ही रक्कम कोठून परवडणार? नेब्रास्का राज्यातील एका निर्मात्याने राजीनामा दिला, बाकीच्यांनी मजकूर वाचला. आता त्या चित्रफितीतील चेहरे पुन्हा डोळ्यांसमोर आणावेत. त्यांच्यात मालकाशी मनापासून सहमत असणारे असतील, निर्ढावलेलेही असतील. पण पोपट हा शब्द वापरण्यापूर्वी पिंजऱ्याच्या गजांकडे पाहायला नको काय?

हा पिंजरा एका कंपनीने एका वर्षात घडविलेला नाही. १९७० च्या सुमारास स्थानिक केंद्रांच्या मालकांना कळून चुकले की बातम्या हे नुसते कर्तव्य नसून दुभती गाय आहे. लगोलग सल्लागारांची एक जमातच उभी राहिली. प्रेक्षकांचे गट खोलीत बसवायचे, त्यांना निवेदकांचे तुकडे दाखवायचे, आणि कोण आवडला, कोण नाही याचे कोष्टक मालकाच्या हाती द्यायचे. केस कसे असावेत, निवेदकांनी आपसांत किती हसावे, आगीची बातमी किती सेकंद चालावी, सारे या कोष्टकावरून ठरू लागले. कन्सास सिटी येथील केएमबीसी या केंद्राने १९८१ च्या आरंभी ख्रिस्तीन क्राफ्ट या अनुभवी बाईंना निवेदिका म्हणून घेतले. केंद्राची मालकी मेट्रोमीडिया या बड्या कंपनीकडे होती. कोणत्या दिवशी कोणते कपडे घालायचे याची दिनदर्शिकाच बाईंच्या हाती देण्यात आली. ऑगस्टमध्ये त्यांना निवेदिकेच्या जागेवरून हलविण्यात आले. आपण वयाने फार मोठ्या आहोत, पुरेशा आकर्षक नाही आणि पुरुषांपुढे पुरेशा नमत नाही, हे प्रेक्षक-चाचणीचे निष्कर्ष आपल्याला ऐकविण्यात आले, असा क्राफ्टबाईंचा आरोप होता. केंद्राने तो नाकारला. वय होते अवघे छत्तीस-सदतीस!

बाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. ऑगस्ट १९८३ मध्ये ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर देवविले. न्यायाधीशाने तो निर्णय रद्द केला. दिसणे हा या धंद्याचाच भाग आहे आणि स्त्री-पुरुष दोघांनाही तो लागू होतो, असे तर्कट मांडले गेले. फसवणुकीच्या मुद्द्यावर पुन्हा सुनावणी झाली. जानेवारी १९८४ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनेही बाईंच्याच बाजूने कौल देऊन सव्वातीन लाख डॉलर मंजूर केले. १९८५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तेही काढून घेतले, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. ते ऐकावे असे मत सांड्रा डे ओकॉनर या एकट्या न्यायमूर्तींनी नोंदविले. सामान्य नागरिकांतून निवडलेल्या दोन ज्यूरींना जे उघड दिसले ते न्यायासनावरील विद्वानांना दिसले नाही. क्राफ्टबाई पुढे स्वतःच कायदा शिकून वकील झाल्या.

त्या तोंडावर मालकाची सत्ता किती असते हे मॅक्स रॉबिन्सन या कृष्णवर्णीय निवेदकाने त्याआधीच अनुभवले होते. १९५९ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथच्या केंद्रावर त्यांना बातम्या वाचण्याचे काम मिळाले, पण केंद्राच्या बोधचिन्हाच्या पाटीआड बसून. आवाज चालेल, तोंड चालणार नाही. एके रात्री त्यांनी ती पाटी दूर करवली आणि प्रेक्षकांना आपला चेहरा दाखविला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. पुढे १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्थानिक केंद्रावर आणि १९७८ मध्ये एबीसीच्या राष्ट्रीय बातमीपत्रावर निवेदक म्हणून बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

इथपर्यंतची हकीकत वाचून कोणाचा असा समज होईल की निवेदक हा नेहमी पीडितच असतो. तसे नाही. गावाचा विश्वास ही पुंजी आहे आणि पुंजीचा कोणीही सौदा करू शकतो. उत्तर कॅरोलायनातील रॅली शहराच्या डब्ल्यूआरएएल केंद्रावरून १९६० पासून १९७२ पर्यंत जेसी हेल्म्स नावाचे गृहस्थ बातम्यांच्या अखेरीस रोज मालकाच्या वतीने संपादकीय टिपण वाचीत. नागरी हक्कांची चळवळ, विद्यापीठे, कामगार संघटना यांच्यावर बारा वर्षे त्यांनी विष ओकले, आणि १९७२ साली त्याच ओळखीच्या बळावर ते सिनेटवर निवडून आले. तिथे तीस वर्षे टिकले. अलीकडे ॲरिझोनात केरी लेक या बाई फिनिक्सच्या केंद्रावरील बावीस वर्षांची ओळख गाठीशी बांधून २०२२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उतरल्या आणि थोडक्यात हरल्या. ज्या विश्वासाने लोक वादळाची सूचना ऐकत, त्याच विश्वासाने २०२० च्या निवडणुकीत लबाडी झाल्याचे बाईंचे म्हणणेही त्यांनी ऐकावे, हा त्यामागील हिशेब. कामगार म्हणून निवेदकाची बाजू घेणे म्हणजे अशा व्यापाराला माफी देणे नव्हे.

या साऱ्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. तेथील डब्ल्यूएलबीटी हे केंद्र वर्णद्वेष्ट्यांच्या हाती होते. त्याच्या प्रक्षेपणक्षेत्रातील जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय. पडद्यावर मात्र ती नव्हतीच. १९५५ मध्ये नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल राष्ट्रीय कार्यक्रमात बोलू लागले तेव्हा या केंद्राने तांत्रिक बिघाडाची पाटी लावून त्यांचा आवाज बंद केला. मे १९६३ मध्ये मोठ्या रेट्यानंतर मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला सतरा मिनिटे बोलू दिले गेले. तीन आठवड्यांनी त्याचा खून झाला. मार्च १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या संस्थेच्या एव्हरेट पार्कर या पाद्रीबाबांनी स्वयंसेवक तयार केले. त्यांनी गुप्तपणे घरात बसून आठवडाभर केंद्राचा प्रत्येक कार्यक्रम पाहिला आणि कोण किती वेळ दिसले, कोणाला काय म्हणून संबोधले गेले, याची नोंद ठेवली. ही वही घेऊन ते परवान्याच्या नूतनीकरणाला विरोध करायला गेले. आयोग म्हणाला, तुम्ही कोण? तुमचा काही आर्थिक संबंध नाही. १९६६ मध्ये न्यायालयाने उत्तर दिले की प्रेक्षक हाही पक्षकार आहे. आयोगाने तरीही परवाना दिला. १९६९ मध्ये न्यायालयाने तो रद्दच करून टाकला. १९७१ पासून केंद्राचा कारभार विनानफा तत्त्वावरील संस्थेकडे गेला, आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे हे तेथे व्यवस्थापक झाले. अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्राचे ते पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक. केंद्र तेच, यंत्रे तीच. मालकाचा हात दूर होताच पडद्यावरील तोंडे बदलली, बातम्या बदलल्या.

भांडवलाने या विजयाचा सूड सावकाश उगविला. एका मालकाला सातांपेक्षा अधिक केंद्रे ठेवता येणार नाहीत असा १९५० नंतरचा दंडक होता. रेगन राजवटीत, १९८४ साली, सातांची बारा झाली. वादग्रस्त विषयांत दुसरी बाजूही मांडण्याचे बंधन १९४९ पासून होते. ते १९८७ मध्ये काढून टाकले. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने केंद्रांच्या संख्येची मर्यादाच उठली. या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष क्लिंटन होते, ही गोष्ट उदारमतवाद्यांच्या भरवशावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. देशातील एकूण घरांच्या ठराविक टक्क्यांपर्यंतच एका कंपनीने पोहोचावे एवढी अट उरली. तो टक्काही पस्तिसावरून २००४ मध्ये एकोणचाळीसवर गेला, आणि त्यातही केंद्रे अर्धी मोजण्याची जुनी तांत्रिक पळवाट २०१७ मध्ये पुन्हा उघडून देण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने आणखी एक जुना नियम मोडीत काढला. ज्या गावाचा परवाना, त्या गावाजवळ केंद्राचा मुख्य स्टुडिओ असलाच पाहिजे, असा तो नियम होता. म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दाला कायद्याने दिलेली जमीनच काढून घेतली गेली.

सिंक्लेअरचे बाल्टिमोरमधील पहिले केंद्र १९७१ साली सुरू झाले होते. २०१८ पर्यंत कंपनीकडे दोनशेच्या आसपास केंद्रे आली. ट्रम्प यांचे एक माजी सहायक राजकीय भाष्यकार म्हणून नेमायचे आणि त्यांची भाष्ये आठवड्यातून नऊ वेळा प्रत्येक केंद्राने दाखवायचीच, असा हुकूम निघत असे. ट्रिब्यून कंपनी गिळण्याचा सिंक्लेअरचा बेत ऑगस्ट २०१८ मध्ये फसला. पण म्हणून ट्रिब्यून वाचली काय? पुढल्याच वर्षी नेक्स्टार या दुसऱ्या कंपनीने ती घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये नेक्स्टारने टेग्ना ही कंपनी ६.२ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. जॅक्सनचे ते ऐतिहासिक डब्ल्यूएलबीटी केंद्रही २०१९ पासून ग्रे या साखळी कंपनीच्या ताब्यात आहे.

इतकी केंद्रे एका हाती आल्यावर निवेदकाचे तरी काय काम, हा प्रश्न मालकाला सुचणे ओघानेच आले. ऑरेगन राज्यातील मेडफर्ड येथील आपल्या केंद्राच्या स्थानिक बातम्या सिंक्लेअरने मे २०२३ मध्ये बंद केल्या. त्या जागी सर्व केंद्रांना पुरविले जाणारे सामायिक बातमीपत्र आले. जानेवारी २०२५ मध्ये ॲलन मीडिया या कंपनीने आपल्या वीसहून अधिक केंद्रांवरील हवामान-निवेदक काढून अटलांटाहून सर्वांना हवामान सांगण्याचा घाट घातला. लोक खवळले. आमच्या नदीला पूर येईल तेव्हा अटलांटातील माणसाला आमची गल्ली ठाऊक असेल का, असा प्रेक्षकांचा सवाल होता. थोड्याच दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली. प्रेक्षक आणि पगारदार एकत्र आले की काय होते याचे हे ताजे आणि लहानसे उदाहरण.

आता आपल्या घरात डोकावू. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि मराठीला तिचे पहिले वृत्तनिवेदक मिळाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, पुढे प्रदीप भिडे; या मंडळींच्या उच्चारांवरून घराघरांत भाषेची पारख होत असे. त्यांच्या हातातील मजकूर सरकारी होता, आणीबाणीत तर तो निव्वळ दरबारी होता, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही तो निवेदक उद्या दुसऱ्या मालकाला विकला जाणार नव्हता. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; सरकारचीही नव्हे आणि भांडवलदारांचीही नव्हे. निर्णयाचा पहिला अर्धा भाग सर्वांनी उचलला. सरकारची मक्तेदारी गेली. दुसरा अर्धा भाग कागदावरच राहिला.

२००० साली ई-टीव्ही मराठी ही वाहिनी आली. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील बातम्या तिने प्रथमच पडद्यावर आणल्या, हे तिचे श्रेय निर्विवाद. पण त्या बातम्या वाचल्या जात हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून! लातूरचा, अमरावतीचा तरुण तिकडे जाऊन राही आणि तेथून लातूरच्या, अमरावतीच्या बातम्या देई. अमेरिकेने २०१७ मध्ये जो स्टुडिओचा नियम मोडला तो आपल्याकडे कधी नव्हताच. पुढे मुंबई-दिल्लीत बसणाऱ्या वाहिन्या आल्या, त्यांची नावे बदलली, मालक बदलले. निवेदकांना त्यांच्या पत्त्यासकट नव्या मालकाकडे वर्ग केले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीत शिरकाव केला आणि डिसेंबरपर्यंत ती ताब्यात घेतली. रवीश कुमार यांनी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला आणि ते स्वतःचा चेहरा घेऊन यूट्यूबवर गेले. देशभर नाव असलेल्या माणसाला हे शक्य झाले. परभणीच्या किंवा रत्नागिरीच्या वार्ताहराला ते शक्य आहे काय?

कायद्याची स्थिती पाहावी. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा वृत्तपत्रांपुरता होता. पडद्यावर बोलणारा पत्रकार त्याच्या लेखी पत्रकारच नव्हता. २०२० च्या श्रमसंहितेने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील पत्रकारांना व्याख्येत घेतले, पण त्याच हाताने १९५५ चा कायदा रद्द केला आणि त्याबरोबर वेतनमंडळही गेले. नाव मिळाले, पगार गेला. त्यातल्या त्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ नोकरी सुटल्यानंतरची स्पर्धाबंदी मानीत नाही. मात्र मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरपाई मागणारा बंधपत्राचा मार्ग मालकांना मोकळा आहे. मे २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे बंधपत्र वैध ठरविले. सिंक्लेअरचे कलम मराठीत उतरायला फार वेळ लागणार नाही.

सरकारने वाहिन्यांवर वचक ठेवावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परवानगी नाकारून वाहिनी बंद पाडण्याचा प्रयोग मल्याळम भाषेतील मीडियावन या वाहिनीवर झाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो हाणून पाडावा लागला. मंत्र्याच्या हातातील सोटा निवेदकाला आणखीच वाकवील. जॅक्सनमध्ये परवाना मंत्र्याने काढून घेतला नव्हता. वही घेऊन आलेल्या प्रेक्षकांनी तो खेचून घेतला होता. आपल्या परवानगीपद्धतीत प्रेक्षकाला पक्षकार म्हणून उभे राहायला जागाच नाही. ती जागा मागितली पाहिजे. मुदतपूर्व भरपाईच्या कलमांवर बंदी, मालकी बदलल्यास निवेदकाला व वार्ताहराला भरपाई न देता बाहेर पडण्याचा हक्क, आणि मालकाने लिहून पाठविलेला मजकूर मालकाच्याच नावाने वाचला जाण्याची सक्ती, या मागण्या वृत्तवाहिन्यांतील कामगारांच्या संघटनांबरोबर बसून पक्क्या करता येतील.

मागण्यांची पत्रके काढण्यापूर्वी मात्र वही तयार हवी. प्रत्येक जिल्हा शाखेने चार साथी निवडावेत. एक आठवडा, रोज सायंकाळच्या एका मराठी बातमीपत्रासमोर त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. शेतमालाच्या भावाला किती मिनिटे, कंत्राटी कामगारांना किती, मंत्र्यांच्या भांडणाला किती, आपल्या जिल्ह्याचे नाव किती वेळा आणि कोणत्या निमित्ताने, एवढे लिहून काढावे. निवेदकाचा आवाज, साडी, कोट यांविषयी काहीही लिहू नये. आणि त्या वाहिनीचा तालुक्यातील वार्ताहर ओळखीचा असेल, बहुधा असतोच, तर त्याला घरी बोलावून चहा द्यावा आणि त्याला बातमीमागे काय मिळते, करार आहे की नाही, असल्यास त्यात काय लिहिले आहे, हे विचारून घ्यावे.